हिस्लॉप साहेबांचा दगडांचा नाद

एखाद्या गृहस्थास दगड गोळा करण्याचा नाद लागला आहे असे म्हटले, म्हणजे ऐकणारा प्रथम हसतो व नंतर "त्यातून मिळते काय?" असे विचारतो. जुनी नाणी किंवा पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्यास हा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. कारण त्या वस्तूंना बाजारात गिऱ्हाईक आहे. परंतु ज्या दगडात एखाद्या गोगलगाईचा शंख, माशाचा खवला किंवा झाडाचे पान लक्षावधी वर्षे दडून राहिले आहे, त्या दगडास आपल्या आठवड्याच्या बाजारात कोण विचारणार? अशा अश्मीभूत अवशेषांस हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत जीवाश्म म्हणतात. त्यांच्यामागे रानोमाळ हिंडण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, अशा मंडळींपैकी एकाची हकिगत मी येथे सांगणार आहे. ते आपल्याच महाराष्ट्रात, नागपुरास, शाळामास्तर होते. आणि त्यांच्या या नादाविषयी माझे स्वतःचे काही मत आहे, तेही सांगणार आहे.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४४ च्या डिसेंबरात ते मुंबईस उतरले व १८४५ च्या आरंभी नागपूर प्रांतात येऊन पोचले. त्या वेळी नागपुरास भोसल्यांचे राज्य होते व रेल्वेचे नावही नव्हते. पुढच्याच वर्षी, १८४६ साली, त्यांनी नागपुरात शाळा काढली. १८८३ साली निघालेले हिस्लॉप कॉलेज त्यांचेच नाव चालवीत आहे. कीटक, वनस्पती, खडे हे सर्व निरखण्याची आवड त्यांना लहानपणापासूनच होती, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेविले आहे. १८४७ साली रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे मिशनरी त्यांना येऊन मिळाले. त्यांनाही हीच आवड असल्यामुळे दोघांची जोडी चांगली जमली. शाळा, उपदेश व खेडोपाडीचे दौरे यांतून जो वेळ उरे, त्यात हे दोघे हातोडी घेऊन बाहेर पडत.

येथे थोडे खडकांविषयी सांगणे अवश्य आहे. नाहीतर त्यांच्या शोधाची किंमत वाचकांच्या ध्यानात येणार नाही. आपल्या बिलोलीच्या आसपास, विशेषतः देगलूरच्या बाजूस, हत्तीच्या पाठीसारखे जे गोल मोठाले दगड दिसतात, ते ग्रॅनाइटाचे आहेत. हा खडक पृथ्वीच्या पोटात खोल जागी वितळलेल्या रसापासून थिजून झाला. तेथे ना पाणी, ना हवा, ना जीव. म्हणून त्यात अवशेष शोधणे व्यर्थ होय. नांदेडाकडे चालू लागले म्हणजे काळा कातळ लागतो. तोही वितळलेल्या रसाचाच झालेला आहे. परंतु हा रस सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वर येऊन पृष्ठभागावर पसरला. अशा रसात कोणता प्राणी टिकणार, असे कोणासही वाटेल, व ते बरोबरही आहे. पण हा रस एकाच वेळी वाहिला नाही. एक लोट आला, थंड झाला, आणि मध्ये पुष्कळ काळ शांततेत गेला. त्या अवधीत पाऊस पडला, सखल जागी तळी साचली, तळ्यांत मासे व गोगलगाई झाल्या, काठी ताडासारखी झाडे उगवली, पाने गळून गाळात रुतली. मग दुसरा लोट आला व त्याने ते तळे जसेच्या तसे झाकून टाकले. पुढे त्या गाळात गारगोटीचे द्रव्य मुरून त्याचा टणक दगड झाला. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे जी फिकट रंगाची अरुंद पट्टी दिसते, ती म्हणजे असे एखादे बुजलेले तळे होय.

हजारो माणसे अशा पट्ट्यांवरून चालत गेली असतील. विहिरी खणणाऱ्या वडारांनी त्या फोडल्याही असतील. सीताबर्डीजवळच्या टाकळी येथे हिस्लॉप व हंटर यांनी मात्र खाली वाकून पाहिले. त्यांना तेथे गोड्या पाण्यातील शंख, माशांचे अवशेष, फळे व बिया सापडल्या. एवढेच नव्हे, तर भुंग्यांच्या पाठीवरील कठीण पंखसुद्धा दगडात उमटलेले मिळाले. माणसाच्या नखाएवढा तो पंख! हत्तीएवढे हाड कोणाच्याही नजरेस पडेल. भुंग्याचा पंख पाहण्यासाठी उन्हात गुडघे टेकून बसावे लागते, आणि नागपूरचे ऊन कसे असते हे मी सांगावयास नको. या सर्व शोधांचा वृत्तान्त त्या दोघांनी लंडनच्या भूस्तरशास्त्रीय मंडळीस पाठविला व तो तेथील त्रैमासिकात १८५५ साली छापून आला.

टाकळी तर घराजवळची झाली. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर, चांद्याच्या मुलखात, मांगली नावाचे गाव आहे. तेथील तांबूस दगडात एका रुंद डोक्याच्या प्राण्याची कवटी मिळाली. हा प्राणी बेडकासारखा पाण्यात व जमिनीवर राहणाऱ्या वर्गातला असून तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. रिचर्ड ओवेन यांनी, म्हणजे 'डायनासोर' हा शब्द ज्यांनी १८४२ साली प्रचारात आणला त्यांनीच, १८५५ साली या कवटीचे वर्णन करून तिचे 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' असे नामकरण केले. कामठीजवळच्या सिलेवाडा येथे जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. ते ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या एका नष्ट झालेल्या झाडाचे होत. हीच पाने ऑस्ट्रेलियात व दक्षिण आफ्रिकेतही सापडतात. १९१२ साली कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवाहून परत येताना बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या तंबूपाशी सुमारे ३५ पौंड दगड मिळाले. अंगात चालण्याचेही त्राण राहिले नसता त्यांनी ते दगड टाकून दिले नव्हते. त्या दगडांत हेच पान होते. हे सर्व भूखंड एके काळी एकमेकांस जोडलेले होते, या सिद्धान्ताचा तो एक बळकट पुरावा ठरला. आणि त्या जोडलेल्या महाखंडास जे नाव मिळाले, ते आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून, 'गोंडवन' असे.

वरोऱ्याजवळच्या पिसदुरा या गावाची गोष्ट मुलांस विशेष आवडते, म्हणून तीही सांगतो. तेथील मोठाली हाडे हिस्लॉप यांच्या संग्रहात होती. त्याच शिवारात बटाट्यासारखे ओबडधोबड गोळे विखुरलेले आढळतात. ती वस्तुतः प्राचीन प्राण्यांची विष्ठा असून दगड झालेली आहे. मॅटले नावाच्या भूस्तरशास्त्रज्ञांनी १९३९ साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी व त्यांचे सहकारी यांनी हे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तो त्यांत गवताच्या पेशींतील गारेचे सूक्ष्म कण निघाले. डायनासोरांच्या काळी गवत होते व ते खाल्लेही जात होते, हे त्यापूर्वी कोणास ठाऊक नव्हते. २०११ साली तर त्यांतच भाताच्या जातीची चिन्हे ओळखण्यात आली. आपण जेवतो तो भात, आणि त्याच्या पूर्वजांचा पत्ता लागला तो असल्या घाणीत! शास्त्राला घाणेरडे असे काही नसते. शिसारी येते ती आपल्याला.

आता ज्याविषयी मत द्यावयाचे आहे तिकडे वळतो. हिस्लॉप हे मिशनरी होते. दगड फोडण्याकरिता त्यांना कोणी इकडे पाठविले नव्हते. तेव्हा हा नाद म्हणजे त्यांच्या मूळ कामातील कसूर होती काय? असा आक्षेप घेणारी भाविक माणसे पूर्वीही होती व आजही आहेत. उलट बाजूने असेही म्हणणारे आहेत की, परकी राज्यकर्त्यांना कोळसा व खनिजे हवी होती, त्यांचीच ही वाट मोकळी करणे होते. दुसऱ्या आक्षेपात काही तथ्य आहे. १८५१ साली सरकारने भूस्तर पाहणीचे खाते उघडले ते मुख्यतः कोळशासाठीच होय. परंतु हिस्लॉप त्या खात्याचे नोकर नव्हते. आणि भुंग्याच्या पंखातून कोणाच्याही खजिन्यात एक पैसा पडला नाही.

पहिल्या आक्षेपास उत्तर त्यांच्या शेवटच्या दिवसाने दिले आहे असे मला वाटते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्यप्रांताचे मुख्य अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. ते काम आटोपल्यावर इतर मंडळी पुढे मुक्कामावर गेली; हिस्लॉप मात्र तेथील शाळेतील मुलांची परीक्षा घेण्यासाठी मागे राहिले. संध्याकाळी ते एकटेच घोड्यावरून बोरीकडे निघाले. दिवस पावसाचे होते व वाटेतील ओढ्यास पूर आलेला होता. घोडा तेवढा मुक्कामावर आला; त्याच्या पाठीवर कोणी नव्हते. आणखी चार दिवसांनी हिस्लॉप यांना ४६ वर्षे पूर्ण झाली असती. सकाळी प्राचीन माणसांची वर्तुळे व दुपारी मुलांची परीक्षा, असा तो दिवस. यांपैकी धर्मकार्य कोणते व नाद कोणता, याची वाटणी कोणास करावयाची असेल तर त्याने खुशाल करावी. मला ती करता येत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय वाचताना ज्यास खडकांच्या थरांची भीती वाटते, त्याने त्या दोहोंपैकी एकाचेही वाचन नीट केलेले नाही, एवढेच मी म्हणेन. ज्याने जग निर्माण केले त्याच्या हातचे काम बारकाईने पाहण्यात त्याचा अपमान कसा होतो, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

गोंड लोकांमध्ये फिरून त्यांची भाषा व गाणी हिस्लॉप यांनी टिपून ठेविली होती. ते कागद टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले. नागपूरच्या तळ्यांतील एका सूक्ष्म जलजीवास 'हिस्लॉपिया' हे नाव १८५८ साली मिळाले. एक खनिजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण नावे राहिली म्हणून मी त्यांस मोठे म्हणत नाही. माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा एका रुक्ष गोष्टीत आहे. कोणता दगड कोणत्या गावी, कोणत्या थरात, त्या थराच्या वर काय व खाली काय, हे ते लिहून ठेवीत. टाकळीच्या पट्टीचा काळ त्यांनी जो ठरविला तो पुढे टिकला नाही. ती सस्तन प्राण्यांच्या युगाच्या आरंभीची आहे असे त्यांचे म्हणणे होते. आता ती डायनासोरांच्या युगाच्या अगदी अखेरीची मानतात. अनुमान चुकले, तरी नमुने व त्यांवरील टिपण खरे असल्यामुळे मागाहून येणाऱ्यांस ते अनुमान सुधारता आले. टिपण नसते, तर तोच दगड राजवाड्यात ठेविला काय आणि उकिरड्यावर पडला काय, शास्त्राला सारखाच!

एका गोष्टीची मात्र मला खंत वाटते. त्यांच्या संग्रहातील उत्तमोत्तम नमुने लंडनला गेले. मांगलीची ती कवटीही तिकडेच आहे. त्या काळी इकडे ओळखणारे तज्ज्ञ नव्हते व ठेवण्यास जागा नव्हती. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय निघाले तेच मुळी १८६३ साली. म्हणून मी हिस्लॉप यांस दोष देत नाही. तथापि चांद्याच्या मुलाने आपल्या गावचा प्राणी पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा, ही स्थिती बरी नव्हे.

सुदैवाने माणसे तरी येथे तयार झाली. नागपुरास वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केलेल्या डॉ. श्यामला चितळे यांनी छिंदवाड्याकडील मोहगाव कलान येथील, अशाच दोन कातळांमधील बुजलेल्या तळ्यांतल्या वनस्पतींचा अभ्यास केला. १९५५ साली त्यांनी इंग्लंडात रेडिंग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९८० साली, ज्या वयात आपल्याकडे नातवंडे खेळविणे एवढेच काम उरते असे समजतात त्या वयात, त्यांनी अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या संग्रहालयात अश्मीभूत वनस्पतींचा विभाग हाती घेतला व २०१३ साली मृत्यू येईपर्यंत तो विषय सोडला नाही. १९१८ सालचा त्यांचा जन्म. म्हणजे नव्वदी उलटली तरी दगड व सूक्ष्मदर्शक सुटले नव्हते. दुसरे उदाहरण डॉ. धनंजय मोहबे यांचे. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे १९८४ साली त्यांना डायनासोराची अंडी व त्यांजवळ काही बारीक हाडे मिळाली. ती डायनासोराच्या पिलाची म्हणून १९८७ साली प्रसिद्ध झाली. पुढे २००१ साली जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नजरेस त्यांत सापाचे मणके आले. आणि २०१० साली दोघांनी मिळून जाहीर केले की, हा अंड्यांच्या घरट्यात वेटोळे घालून बसलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आहे. त्याचे नाव 'सनाजेह इंडिकस'. २६ वर्षे तो दगड जपून ठेवला नसता, तर तो साप कोणास दिसता?

हे सर्व मी बिलोलीच्या मुलांस का सांगतो आहे? आपल्याकडे ग्रॅनाइट आहे, मग आपल्यास काय मिळणार, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे मांजरा आहे. हीच मांजरा वर लातूर जिल्ह्यातून येते, आणि तेथील तिच्या काठच्या जुन्या वाळूखड्यांच्या थरांत हजारो वर्षांपूर्वीच्या हत्तींचे व रानबैलांचे अश्मीभूत अवशेष सापडलेले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी त्या खोऱ्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर येथे, प्राचीन हत्तीची कवटीच मिळाली होती. नदी एकच असता तिच्या खालच्या अंगास काहीच नसेल, असे मानण्यास मला तरी कारण दिसत नाही.

मात्र पाहावयाचे तर लवकर पाहिले पाहिजे. येसगी व सगरोळीच्या बाजूस मांजरेची वाळू कशी उपसली जाते, हे या मासिकाच्या वाचकांस ठाऊक आहे. यंत्राच्या एका घासात जेवढा थर निघतो, तेवढा साचविण्यास नदीस किती पावसाळे लागले असतील, याचा विचार वाळू भरणारा करीत नाही. त्याच्यावर तशी सक्तीही नाही. त्या घासात एखादे हाड आले, तर ते चाळणीवर फेकले जाते किंवा वाळूबरोबर दूरच्या शहरातील कोणाच्या तरी भिंतीत जाते. अशा भूशास्त्रीय ठेव्यांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली एका कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. सिरोंच्याजवळ वडधम येथे जीवाश्मांसाठी एक उद्यान राखले गेले आहे. हे चांगलेच आहे. पण येसगीच्या पात्रात कायद्याचा मनुष्य रोज येऊन बसणार नाही. तेथे रोज जातात ती आपली मुले, गुरे पाण्यावर घेऊन.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने विज्ञानाच्या तासांपैकी वर्षातून निदान चार तास नदीकाठी घ्यावेत. भूगोलाच्या पुस्तकातील खडकांचे चित्र पाठ करून घेण्यात आपण जितका काळ घालवितो, त्याहून हे अधिक नाही. मुलांनी पोहण्यास उतरू नये व उभ्या दरडीखाली बसू नये, एवढी काळजी शिक्षकांनी घ्यावी. वजनाने जड, रंगाने काळसर किंवा तांबूस, आणि मोडलेल्या बाजूस हाडासारखी जाळी असलेला दगड दिसला, तर तो उपटून घरी आणू नये. तो आहे तेथेच असता त्याचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, दरडीच्या माथ्यापासून तो किती खाली आहे हे मोजावे, वर कोणती माती व खाली कोणते खडे आहेत ते लिहावे, गाव, शेताचा गट नंबर व तारीख घालावी, आणि ते टिपण डेक्कन कॉलेजास किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास पाठवावे. वाळूच्या ढिगावर पडलेला सुटा तुकडा मात्र उचलून आणण्यास हरकत नाही. तो कोणत्या घाटावरचा, एवढे वाळू भरणाऱ्यास विचारून घ्यावे. आमच्या विज्ञानशाळेतील खिडकीजवळचे कपाट त्यासाठी रिकामे केले आहे. चिठ्ठ्या कापून ठेविल्या आहेत, आणि चिठ्ठीवाचून आणलेला दगड त्यात ठेवला जाणार नाही.